न वटलेले मेल: वाचनालयाच्या यादीच्या नोंदी, जून ते ऑगस्ट २०२५

५ जून, गुरुवार

काम अंगावर आलं. वाचनालयाच्या दोन मेल याद्या आहेत. 'सूचना'मध्ये १,१२६ पत्ते. महिन्याला दोन-तीन मेल जातात: नवी पुस्तकं, सुट्ट्या, वर्गणीची आठवण. 'चर्चा'मध्ये ४१२ पत्ते. तिथे सभासद आपापसात लिहितात, कोणी वाचलेल्या पुस्तकाबद्दल, कोणी वाचनकक्षातल्या पंख्याबद्दल. दोन्ही याद्या मेलमन २.१ वर (मेल याद्या सांभाळणारी प्रणाली), त्याखाली पोस्टफिक्स (प्रत्यक्ष मेल पोचवणारी), आणि हे सगळं भाड्याच्या एका छोट्या सर्व्हरवर. एप्रिलअखेर जुन्या सर्व्हरवरून नव्यावर बिऱ्हाड हलवलेलं आहे.

तक्रार एवढीच: "मेल येत नाहीत." कोणाला, कधीपासून, कुठल्या यादीचे, हे कोणालाच सांगता येत नाही. कार्यवाह म्हणाले, परत येणाऱ्या पत्त्यांची दर महिन्याला साफसफाई होते. साफसफाई म्हणजे नाव यादीतून काढणं. वर्षभरात ८६ नावं गेली, तरी परत येणारे मेल वाढतायत. घर झाडूनही धूळ वाढत असेल तर खिडकी कुठे उघडी आहे ते बघायला हवं, पण हे त्यांना बोलले नाही.

मुदत: वार्षिक सर्वसाधारण सभा १० ऑगस्टला. नोटीस मेलने जाते आणि आमच्या घटनेप्रमाणे १५ दिवस आधी जायला हवी. गेल्या वर्षी दोघांनी "नोटीस मिळाली नाही" म्हणून हरकत घेतली होती आणि पहिला पाऊण तास त्यातच गेला होता.

७ जून, शनिवार

यादीच्या मालकाचा पत्ता कोणाचा, तर आधी हे काम बघणाऱ्या स्वयंसेवकाचा. ते दोन वर्षांपूर्वी बदली होऊन गेले. जाताना पासवर्ड दिला होता, पण ती पेटी उघडायचं कोणाच्या मनात आलं नाही. त्यांनी एक फिल्टर लावून ठेवलेलं होतं, यंत्राकडून आलेलं सगळं आपोआप 'नंतर बघू' या फोल्डरात. तिथे १,३४० न वाचलेले मेल आहेत. बहुतेक मेलमनच्या नोटिसा: अमक्या सभासदाला मेल पाठवणं थांबवलं आहे, कारण सोबत जोडलं आहे. आणि कारण खरंच जोडलेलं आहे! प्रत्येकाला.

सकाळी खजिनदार काका आले होते, बँकेतून निवृत्त. त्यांना बाउन्स म्हणजे काय ते सांगायला लागले तर म्हणाले, "कळलं गं. चेक वटला नाही. पण मग रिटर्न मेमो असेल ना? शिल्लक नाही की सही जुळत नाही, ते बघितल्याशिवाय खातं बंद करतं का कोणी?" आम्ही वर्षभर तेच करत होतो. मेमो न वाचता खाती बंद.

मेमो वाचायची रीत इथे टिपून ठेवते, पुढच्या माणसासाठी. समोरचा सर्व्हर तीन आकडी उत्तर देतो. ही पद्धत जॉन पोस्टेल यांनी १९८२ मध्ये लिहिलेल्या आरएफसी ८२१ या मेलच्या नियमपत्रिकेइतकी जुनी आहे. ४ ने सुरू झालं तर "आत्ता नाही, पुन्हा ये". ५ ने सुरू झालं तर "नाही म्हणजे नाही". त्याच्या पुढे टिंबांनी जोडलेले आणखी तीन आकडे असतात आणि खरी गोष्ट तिथे कळते. मधला आकडा १ असेल तर पत्त्याची अडचण, २ असेल तर पेटीची, ७ असेल तर सुरक्षेची किंवा धोरणाची. म्हणजे ५.१.१ ला माणूस सापडला नाही, ५.२.२ ला पेटी भरली आहे, आणि ५.७ ने सुरू होणारं काहीही आलं तर पत्ता ठणठणीत आहे, संशय आपल्यावर आहे.

पोस्टफिक्सचा लॉग, म्हणजे कामाची नोंदवही, फक्त चार आठवड्यांचा शिल्लक आहे. त्यात 'बाउन्स' शेऱ्याच्या ओळी २,७८४. संध्याकाळभर त्या वेगळ्या केल्या:

५.७.२५ च्या १,४९०
५.७.२६ च्या ९४६
५.१.१ किंवा डोमेनच नाही, अशा २६७
पेटी भरली वगैरे किरकोळ ८१

दहातल्या जवळजवळ नऊ ओळी ५.७ वाल्या. म्हणजे माणसं आहेत, पेट्या उघड्या आहेत, दार आमच्यासाठी बंद आहे. आणि आम्ही नावं खोडतोय.

'नंतर बघू'मध्ये आणखी एक गंमत सापडली. ४५ मेल असे परत आलेत की ते आम्ही पाठवलेच नव्हते. कोणीतरी आमच्या पत्त्याच्या नावाने कचरा पाठवला आणि तो नाकारल्याची पोच आम्हाला आली. ते बाजूला ठेवले.

८ जून, रविवार

आधी सोपं काम, खरोखर मेलेले पत्ते. २६७ ओळींमध्ये वेगवेगळे पत्ते ९४. ग्रंथपाल ताईंबरोबर बसून सभासद-अर्जांचे गठ्ठे उघडले.

४१ पत्ते आम्हीच चुकीचे उतरवलेत. अर्ज पेनाने भरलेले. इंग्रजी एल आणि एक हा आकडा, यू आणि व्ही, शून्य आणि ओ, हे नेहमीचे यशस्वी कलाकार आहेतच. पण मराठी नावांची रोमन लिपीत जी दैना होते ती वेगळीच. 'व'ला कोणी व्ही लावतं, कोणी डब्ल्यू. 'विठ्ठल' तर तीन अर्जांवर तीन तऱ्हांनी आहे आणि नोंदवणाऱ्याने तिन्ही ठिकाणी आपल्या मनाचं चौथं स्पेलिंग लिहिलंय. कानाला योग्य वाटेल तसं लिहायची सवय. जीमेलच्या पत्त्यात मधलं टिंब राहिलं तरी चालतं, टिंबं ते मोजतच नाहीत. अक्षर बदललं की संपलं.

सात पत्ते व्हीएसएनएलचे. ज्यांनी दिले त्यांनी ते कौतुकाने दिले असणार. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं तेव्हा असा पत्ता असणं म्हणजे घरात फोन असण्याच्याही वरची पायरी होती. त्या कंपनीचं नावसुद्धा २००८ पासून टाटा कम्युनिकेशन्स आहे. आमच्या यादीत मात्र ती अजून व्हीएसएनएलच.

काही जीमेलचे पत्ते पूर्वी चालू होते, आता "असं खातं नाही" म्हणतात. दोन वर्षं हात न लावलेली वैयक्तिक खाती गूगल डिसेंबर २०२३ पासून काढून टाकू लागलंय. आमच्या काही ज्येष्ठ सभासदांचं खातं नातवाने उघडून दिलं, नातू शिकायला बाहेरगावी गेला आणि खातं तसंच राहिलं.

९४ जणांना फोन करायचे ठरलं. ताई म्हणाल्या, दुपारी दोन ते चार करू नका.

१२ जून, गुरुवार

५.७.२५ च्या मागे. हा कोड फक्त जीमेलकडून येतोय. अर्थ: ज्या आयपी पत्त्यावरून (इंटरनेटवरचा यंत्राचा क्रमांक) तुम्ही आलात त्याला उलट नोंद नाही. नावावरून आयपी सापडतो तसं आयपीवरून नावही सापडायला हवं. ती पीटीआर नोंद. तपासली तर आमची नोंद आहे आणि बरोबर आहे. मग हे काय?

इथे दोन तास वाया घालवले. वाटलं, कदाचित स्पॅमहाउस या कचरा-मेलवर नजर ठेवणाऱ्या संस्थेच्या काळ्या यादीत असू. घरच्या संगणकावरून विचारलं तर १२७ ने सुरू होणारं उत्तर आलं, म्हणजे यादीत आहोत! घाबरून कार्यवाहांना मेसेजही करून मोकळी झाले. मग नीट बघितलं: १२७.२५५.२५५.२५४. हे उत्तर काळ्या यादीचं नाही. तुम्ही सार्वजनिक डीएनएसमधून (डीएनएस म्हणजे इंटरनेटवरच्या नाव-पत्त्यांची सूची) विचारताय, तसं आम्ही उत्तर देत नाही, एवढंच ते सांगतं. सर्व्हरवरून थेट विचारलं तर कुठल्याच यादीत नाही. कार्यवाहांना दुसरा मेसेज केला.

मग लक्षात आलं की त्याच माणसाला एक मेल जातो आणि दुसरा परत येतो. हे पत्त्याच्या दोषाने होणार नाही, कोणाच्या रागलोभानेही नाही. गेलेल्या आणि परत आलेल्या ओळी शेजारी ठेवल्या. गेलेल्यांत जीमेलच्या सर्व्हरचा आकडा टिंबांचा आहे. परत आलेल्यांत विसर्गांचा.

विसर्ग म्हणजे आयपीव्ही६. नव्या सर्व्हरला दोन्ही पत्ते मिळालेत, जुन्याला फक्त आयपीव्ही४ होता. दोन्ही असले तर कुठल्या वाटेने जायचं याचा पोस्टफिक्सला विशेष हट्ट नसतो, कधी ही कधी ती. आयपीव्ही४ ची उलट नोंद हलवताना कोणीतरी आठवणीने केली. आयपीव्ही६ ची केलीच नाही. त्यामुळे निम्मे मेल पुढच्या दाराने आत जातायत आणि निम्मे मागच्या दारावरून हाकलले जातायत.

रात्री ११ वाजता पोस्टफिक्सला फक्त आयपीव्ही४ वापरायला सांगितलं. एका ओळीचा बदल, पण नुसत्या रीलोडने लागत नाही, पूर्ण बंद करून चालू करावं लागतं. हे न कळल्यामुळे आणखी अर्धा तास.

१३ जून, शुक्रवार

५.७.२५ रात्रीपासून शून्य.

मे महिन्यातल्या साफसफाईची यादी ताईंनी दिली. ८६ पैकी ५२ नावं एकट्या मे महिन्यात काढलेली, आणि सगळी ए, बी, सी, डी या अक्षरांची. म्हटलं हे काय? तर ज्या बाई हे काम करतात त्या अक्षरक्रमाने निघाल्या होत्या, डीपर्यंत येऊन कंटाळल्या आणि बाकीचं पुढच्या महिन्यावर टाकलं. त्यांच्या कंटाळ्याचे जाहीर आभार मानायला हवेत. उत्साही असत्या तर झेडपर्यंत वाचनालय रिकामं झालं असतं.

१७ जून, मंगळवार

होस्टिंगवाल्यांनी आयपीव्ही६ ची उलट नोंद केली. नावात एक अक्षर चुकवलं. पुन्हा लिहिलं. घाई नाही, आयपीव्ही४ वर निभतंय.

२१ जून, शनिवार

'सूचना' शांत. 'चर्चा'मध्ये काल पुन्हा १५८ मेल परत, सगळे ५.७.२६. आणि सगळे एकाच पोस्टचे.

ती पोस्ट आमच्या निवृत्त मुख्याध्यापक सरांची. सर याहूच्या पत्त्यावरून लिहितात, आणि अनेक वर्षांपासून तोच पत्ता. चार आठवड्यांचा लॉग सरांच्या पोस्टांशी जुळवला. ५.७.२६ ची प्रत्येक लाट सरांनी लिहिल्यावर उठते आणि त्यांनी लिहिलं नाही की समुद्र शांत. बाकी कोणी लिहिलं तर एकही परत येत नाही.

कारण ठाऊक होतं, आपल्याच घरात असेल असं वाटलं नव्हतं. एप्रिल २०१४ मध्ये याहूने डीमार्क धोरण कडक केलं: याहूच्या नावाने आलेला मेल याहूच्या खऱ्या सहीशिवाय असेल तर नाकारा, असं जगभरच्या सर्व्हरना जाहीर सांगितलं. त्या वेळी जगभरच्या मेल याद्या अशाच कोलमडल्या होत्या. कारण यादी काय करते? सरांचा मेल घेते, विषयाच्या आधी '[चर्चा]' लावते, खाली वाचनालयाच्या नावाची चार ओळींची तळटीप चिकटवते आणि 'प्रेषक: सर' असंच ठेवून आमच्या सर्व्हरवरून पुढे धाडते. मजकूर बदलला की याहूने केलेली डीकेआयएमची डिजिटल सही मोडली. आणि आमचा सर्व्हर काही याहूचा नाही, त्यामुळे एसपीएफही (डोमेनच्या नावाने कुठले सर्व्हर मेल पाठवू शकतात याची नोंद) सरांच्या बाजूने उभं राहत नाही.

खजिनदार काकांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे खाडाखोड केलेला चेक. सही खरी आहे, पण मधल्याने त्यावर काहीतरी लिहिलंय. चेकचा फोटो पाठवून वटवायच्या सीटीएस पद्धतीत तो पास होतच नाही." याहून नीट मला सांगता आलं नसतं.

यापुढचा भाग मात्र मलाही बसून समजून घ्यावा लागला. शिक्षा सरांना होत नाही, वाचणाऱ्यांना होते. पक्का नकार आला की मेलमन त्या सभासदाच्या खात्यावर एक गुण टाकतो, दिवसाला जास्तीत जास्त एक. पाच गुण झाले की पाठवणं बंद. मध्ये सात दिवस कोरे गेले तर पाटी पुसली जाते. सरांनी आठवड्यात पाच दिवस लिहिलं की जीमेलवाल्या निरपराध मंडळींचे पाच गुण भरतात. 'चर्चा'मध्ये असे १७३ जण बंद पडलेत. सगळ्यात जुना बंद २०२३ मधला, दिवाळी अंकांवरची चर्चा रंगली होती आणि सर रोज लिहीत होते त्या आठवड्यातला.

आणि 'सूचना'मध्ये एकही जण आपोआप बंद पडलेला नाही, अगदी मेलेले पत्तेसुद्धा नाहीत. कारण तिथे महिन्याला दोन-तीनच मेल जातात, दोन मेलमध्ये आठवड्याहून जास्त अंतर पडतं आणि पाटी दर वेळी पुसली जाते. म्हणून हाताने साफसफाई करायची पाळी आली. जिथे यंत्राने काढायला हवं होतं तिथे काढलं नाही, जिथे नको होतं तिथे सरसकट काढलं. दोष यंत्राचा नाही, हे आकडे कोणी आमच्या याद्यांसाठी बसवलेच नव्हते.

२२ जून, रविवार

सरांना फोन. हे अवघड होतं, कारण कसंही सांगितलं तरी "तुमच्यामुळे १७३ जण" असंच ऐकू जातं. मी म्हटलं, सर, तुमच्या पत्त्याची राखण जरा जास्त कडक आहे आणि आमची यादी तुमच्या पत्रावर शिक्के मारते, त्यामुळे गोंधळ होतो. सर थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "तरीच. मला वाटलं माझ्या लिहिण्याला आता कोणी उत्तर देत नाही."

फोन ठेवल्यावर जरा वेळ लॉग उघडला नाही.

उपाय दोन. एक, यादीने काहीही बदलायचं नाही: विषयातला कंस काढायचा, तळटीप काढायची. सही शाबूत राहते. पण तळटीपेत यादीतून बाहेर पडायची सोय आहे, ती जाते. दुसरा, प्रेषकाच्या जागी यादीचा पत्ता ठेवायचा आणि नाव 'अमुक, चर्चा मार्फत' असं दाखवायचं. मूळ पत्ता मेलमध्येच दुसऱ्या रकान्यात राहतो. याची सोय मेलमनमध्ये २.१.१६ पासून आहे, आणि फक्त कडक धोरणवाल्या डोमेनपुरतं हे करायची सोय २.१.१८ पासून. आमची आवृत्ती त्याहून नवी. म्हणजे इतकी वर्षं औषध कपाटातच होतं.

दुसरा निवडला आणि सगळ्यांसाठी. फक्त याहूवाल्यांना लावला असता तर "सरांच्याच नावापुढे मार्फत का?" यावर 'चर्चा'मध्ये महिनाभर चर्चा झाली असती.

रात्री सरांना एक चाचणी पोस्ट टाकायला सांगितलं. त्यांनी चाचणी म्हणून पावसावर तीनशे शब्द लिहिले. परत आलेले: शून्य.

२४ जून, मंगळवार

१७३ जणांचे गुण पुसून पुन्हा चालू केले. काहींनी लगेच उत्तर दिलं, एकीने विचारलं, "बंद का झालं होतं वाचनालय?"

काढलेल्या ८६ जणांना मात्र परस्पर जोडणार नाही, विचारून जोडायचं. त्यातले कोणी स्वतःहून बाहेर पडले असतील तर? फोनची यादी लांबतेय.

२८ जून, शनिवार

आता आमची स्वतःची सही. प्रेषक आमचा पत्ता झाला म्हणजे जबाबदारीही आमची. जाणाऱ्या मेलवर सही करणारं ओपनडीकेआयएम बसवलं, २०४८ बिटांची किल्ली बनवली, सार्वजनिक अर्धी डीएनएसमध्ये टाकली. चाचणी: सही चुकीची.

फाइल तपासली, परवानग्या तपासल्या, घड्याळ तपासलं. दुपारी जेवून पुन्हा पहिल्यापासून. शेवटी डीएनएसमधून किल्ली ओढून मूळ किल्लीशी अक्षर अक्षर ताडली. अर्ध्यातच संपते. डीएनएसच्या टीएक्सटी, म्हणजे मजकुराच्या, नोंदीतल्या एका तुकड्यात २५५ पर्यंतच अक्षरं मावतात. लांब किल्ली दोन तुकड्यांत, दोन स्वतंत्र अवतरणांत द्यावी लागते. डोमेनवाल्यांच्या पॅनेलने जास्तीचं गुपचूप कापलं आणि वर हिरवी बरोबरची खूण दाखवली. हिरव्या खुणेवरचा माझा विश्वास आज उडाला.

३० जून, सोमवार

एसपीएफ. डोमेनला दोन एसपीएफ नोंदी आहेत. एक जुनी. दुसरी ऑनलाइन वर्गणीच्या पावत्या पाठवणाऱ्या सेवेसाठी कोणीतरी शेजारी जोडलेली. दोन असणं म्हणजे एकही नसल्यापेक्षा वाईट, नियमाप्रमाणे ती थेट चूक धरतात. दोन्ही एकत्र केल्या. जुन्या सर्व्हरचा आयपी अजून त्यात होता, तो काढला. त्या आयपीवर आता कोण राहतं देव जाणे, आणि आम्ही त्याला आमच्या नावाने मेल पाठवायची मुभा देऊन ठेवलेली.

डीमार्क नोंदही टाकली. धोरण सध्या 'काही करू नका, फक्त कळवा'.

६ जुलै, रविवार

आषाढी. सुट्टी. फोनवर एकच काम: 'विठ्ठल'वाले तिन्ही पत्ते आज दुरुस्त झाले. ताई म्हणाल्या, मुहूर्त बरा साधला.

९ जुलै, बुधवार

८६ पैकी ७१ परत आले. बाकीच्या काहींनी नको म्हटलं, काहींचा फोन लागला नाही. ९४ मेलेल्यांपैकी ५७ जणांचे पत्ते दुरुस्त झाले किंवा नवे मिळाले. ३७ उरले, त्यांना सभेची नोटीस टपालाने. 'सूचना'त आता १,१६० पत्ते.

नव्या पुस्तकांचा मेल रंगीत तालीम म्हणून पाठवला. पहिले दोनशे सुरळीत, मग जीमेलकडून ४२१, ४.७.२८. एका आयपीवरून एकदम फार मेल येतायत, जरा दम घ्या. ४ आहे म्हणजे घाबरायचं नाही, पोस्टफिक्स रांगेत ठेवून पाच दिवसांपर्यंत पुन्हा प्रयत्न करतो. रात्री एक वाजेपर्यंत सगळे गेले. पण नव्या आयपीची अजून ओळख व्हायचीय, तेव्हा एका ठिकाणी दोन मेलमध्ये काही सेकंदांचं अंतर ठेवायची सोय लावली. वाड्यावर जेवणाच्या पंगती असतात तसं, सगळे एकदम दारात उभे राहिले तर यजमानही गोंधळतो.

१२ जुलै, शनिवार

खजिनदार काकांना मेल जातो, परत येत नाही, तरी त्यांना दिसत नाही. त्यांचा फोन हातात घेतला. सगळे स्पॅममध्ये.

"काका, तुम्ही यावर कधी 'स्पॅम' दाबलंय का?"

"दाबतो ना. वाचून झालं की दाबतो. त्याने पेटी स्वच्छ राहते."

दोन वर्षं. वाचनालयाचा खजिनदार वाचनालयाचा प्रत्येक मेल वाचून झाल्यावर इमानेइतबारे गूगलकडे तक्रार नोंदवतो आहे.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहूने नियम कडक केलेत. स्पॅमच्या तक्रारींचं प्रमाण ०.३ टक्क्यांच्या खाली हवं. आमच्या ८५० च्या आसपास जीमेल पत्त्यांत तिघांनी ते बटण दाबलं की मर्यादा ओलांडली. दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना आणखी अटी आहेत, एका टिचकीत बाहेर पडायची सोय वगैरे. आमचा आकडा त्याच्या जवळपासही नाही, पण तळटीपेतली बाहेर पडायची ओळ तळातून उचलून वर आणली. ज्याला नको त्याने दारातून जावं, खिडकीची काच फोडून नको.

काकांना वाचलेला मेल पेटीतून बाजूला ठेवायचं 'अर्काइव्ह' बटण दाखवलं. ते म्हणाले, "हे आधी सांगायचं ना."

१९ जुलै, शनिवार

सभेची नोटीस. संध्याकाळी ७ ला सुरू, ९.२० ला रांग रिकामी, अपवाद चार.

पाठवले १,१६०. समोरच्यांनी घेतले १,१४९. पेटी भरलेली ४, रांगेत. परत ७, सगळे ५.१.१. ५.७ एकही नाही.

सातांना ताई सोमवारी फोन करतील. कारण मेमोत काय लिहिलंय ते आता त्या स्वतः वाचतात. वहीत त्यांनी तीन रकाने आखलेत: 'माणूस नाही', 'पेटी भरली', 'आपली चूक'.

२४ जुलै, गुरुवार

कार्यकारिणीत पुन्हा तेच: "एवढ्यापेक्षा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप का नाही?" ग्रुपमध्ये १,०२४ च्या वर माणसं मावत नाहीत, आम्ही १,१६०. शिवाय प्रत्येकाचा फोन नंबर प्रत्येकाला दिसतो. आणि सकाळच्या फुलांच्या चित्रांखाली सभेची नोटीस शोधायची कोणी? सरांनी जोरात पाठिंबा दिला, माझ्या बाजूने.

मालकाचा पत्ता बदलला. आता तो एका माणसाचा नाही, तिघांना जातो: मी, ताई, कार्यवाह. फिल्टर काढलं. 'सूचना'साठी गुणांची मुदत सातवरून ४५ दिवस केली आणि मर्यादा तीन गुणांवर आणली, म्हणजे मेलेला पत्ता दोन महिन्यांच्या आत आपोआप बाजूला होईल. 'चर्चा'चं काही बदललं नाही. पेटी भरलेल्यांपैकी तिघांनी जागा केली, चौथ्यांना टपाल गेलं.

आयपीव्ही६ ची नोंद होस्टिंगवाल्यांनी तिसऱ्यांदा केली. या वेळी बरोबर आहे. तरी आयपीव्ही४ वरच राहू दे.

१० ऑगस्ट, रविवार

सभा. अहवाल वाचनाआधीच मागच्या रांगेतून एक आजोबा उठले: "मला नोटीस मिळाली नाही."

फोनवरून लॉग उघडला. १९ जुलै, ७ वाजून ४२ मिनिटं, समोरच्या सर्व्हरने घेतला, पोच आहे. पत्ता वाचून दाखवला.

"हा तर मुलाचा. तो असतो पुण्यात."

"त्यांनी सांगितलं नाही?"

"तो कशाला सांगेल?"

सभेचा वेळ गेला दोन मिनिटं. हरकत त्यांनीच मागे घेतली, पण स्वतःचा पत्ता द्यायचा म्हणाले. चिठ्ठीवर लिहून दिला. त्यातही विठ्ठल आहे. मी एकेक अक्षर मोठ्याने वाचलं, त्यांनी मान डोलावली, तिथल्या तिथे चाचणी मेल टाकला.

परत आला. ५.१.१. एक टी जास्त होता.